‘कोण पाहत आहे?’

गेल्या दिवाळीत आमच्याकडे नवा टीव्ही आला. बंगळूरला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलाने तो खास आजीसाठी मागवला, स्वतः उभे राहून भिंतीवर बसवून घेतला आणि परत जाण्यापूर्वी जुनी केबलची जोडणी बंद करून टाकली. ‘‘सगळं इंटरनेटवर मिळतं आता. दोन-दोन ठिकाणी पैसे कशाला भरायचे?’’ त्याचा हिशेब चुकीचा नव्हता. माझ्या सासूबाई ज्या मालिका पाहत त्या सर्व तेथे होत्या. शिवाय जुनी नाटके, कीर्तने, मराठी चित्रपट, हवे तेव्हा हवे ते. दिवाळीत घर भरलेले असताना कोणी ना कोणी टीव्ही लावून देत असे आणि त्या कौतुकाने पाहत. मग मंडळी पांगली. संक्रांतीपर्यंत सासूबाईंनी टीव्ही पाहणे जवळजवळ सोडून दिले.

हे आमच्या लक्षात उशिरा आले, हे कबूल केले पाहिजे. त्या ८२ वर्षांच्या आहेत. ‘‘नाही लागत गं मन आता त्यात,’’ असे त्या म्हणाल्या, तेव्हा मला ते वयाला साजेसेच वाटले. खरे सांगायचे तर थोडे बरेही वाटले. मालिका सुटल्या, आता वाचन आणि नामस्मरण वाढेल, असा माझा समज. नामस्मरण वाढले नाही, दिवसाची झोप वाढली. दुपारी पाचपर्यंत त्या पडून राहू लागल्या आणि रात्री कूस बदलत जागू लागल्या. संध्याकाळच्या सातच्या बातम्या संपल्या की जेवण, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. तो मोडला. जेवण कधी सहाला, कधी साडेआठला होऊ लागले, आणि मधुमेहाची गोळी जेवणाशी बांधलेली असल्याने तीही मागेपुढे होऊ लागली. बोलणे कमी झाले. आमच्या डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासून घेतले, उदासीसंबंधी काही प्रश्न विचारले. अहवाल ठीक आले.

फेब्रुवारीतील एका दुपारी मी बँकेतून अपेक्षेपेक्षा लवकर परतले. सासूबाई टीव्हीसमोर बसल्या होत्या, टीव्ही सुरू होता आणि त्यावर काहीच चाललेले नव्हते. काळ्या पडद्यावर चार रंगीत चौकोन, त्यांत चार हसरे चेहरे आणि वर इंग्रजीत एक प्रश्न : कोण पाहत आहे? चौकोनांखाली माझ्या मुलाचे, सुनेचे, यजमानांचे आणि माझे नाव. त्यांचे नव्हते.

‘‘आई, किती वेळ बसला आहात अशा?’’

‘‘जेवण झाल्यापासून.’’ म्हणजे दोन तास. मग थोड्या ओशाळून म्हणाल्या, ‘‘तो विचारतोय कोण बघतंय. मी काय सांगू त्याला? तुमच्यापैकी कुणाचं दाबलं आणि काही बिघडलं तर?’’

सासूबाई जुन्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या आहेत. इंग्रजी अक्षरे त्यांना वाचता येतात, प्रश्नही त्यांना नीट कळला होता. मन लागत नाही ही सबब होती. जमत नाही हे सांगण्याची लाज वाटत होती. आणि ज्या घरात तीन माणसांना तो टीव्ही सहज चालवता येत होता, त्या घरात त्यांनी आम्हाला एकदाही हाक मारली नव्हती. दिवसातून किती वेळा हाक मारायची, असा त्यांचा विचार. तो विचार मला रक्ताच्या कुठल्याही अहवालाहून अधिक लागला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तेव्हा सासूबाई गिरगावातील एका चाळीत राहत होत्या. मजल्यावर एकाच घरी संच होता. ‘आमची माती आमची माणसं’, ‘गजरा’, ‘चिमणराव’ हे सारे त्यांनी शेजाऱ्यांच्या उंबऱ्याशी बसून पाहिलेले आहे. कार्यक्रम आपल्या वेळेला येई. पाहणाऱ्याने त्या वेळी तेथे असायचे, एवढेच काम. पुढे रिमोट आला, वाहिन्या शेकड्यांनी वाढल्या, तरी आपल्या वाहिनीचा क्रमांक बोटांना पाठ असे. दिवा लावताना बटण कोठे आहे याचा आपण विचार करत नाही, तसे ते होते. अशी अंगवळणी पडलेली स्मृती म्हातारपणात पुष्कळ काळ शाबूत राहते.

नव्या टीव्हीवर या स्मृतीचा काही उपयोग होत नाही. तेथे आधी वाचावे लागते, मग निवडावे लागते, आपण कोठे आहोत ते ध्यानात ठेवावे लागते आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर हलणाऱ्या जाहिरातवजा चित्रांकडे दुर्लक्ष करावे लागते. एकाच वेळी इतके सारे मनात धरून ठेवणे वयानुसार कठीण होत जाते. त्यासाठी कोणताही आजार असावा लागत नाही. त्यात पहिल्या पानावरील मांडणी रोज बदलते. काल डावीकडे दिसलेली मालिका आज तिसऱ्या ओळीत असते. भाजीवाल्याची गाडी रोज वेगळ्या कोपऱ्यावर उभी राहावी आणि त्याने आपल्यालाच विसराळू म्हणावे, तसा हा प्रकार आहे. रिमोटही तसाच. अंकांची बटणे गेली; मध्ये एक गोल, भोवती चार दिशा. संधिवाताच्या अंगठ्याने उजवीकडे दाबावे तर खाली जाते, आणि थोडे अधिक वेळ दाबले गेले तर भलतेच काही उघडते.

आम्ही त्याच संध्याकाळी पाचवा चौकोन तयार केला. नाव काय घालू, असे विचारले. मी ‘आजी’ असे लिहू लागले होते. ‘‘आजी कशाला? मला नाव नाही का?’’ नाव घातले. चित्र म्हणून त्यांनी मांजर निवडले. पहिल्या ओळीत त्यांच्या उपयोगाच्या दोनच सेवा ठेवल्या, बाकीच्या मागे ढकलल्या. रिमोटच्या मधल्या बटणावर एक लाल टिकली चिकटवली आणि मागे येण्याच्या बटणावर हिरवी. ‘‘काही कळेनासं झालं की हिरवी दाबत राहायची, काहीही बिघडत नाही,’’ हे एक वाक्य बाकीच्या सर्व शिकवणुकीहून उपयोगी ठरले. पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत चार पायऱ्या लिहून तो टीव्हीखाली उभा केला. यूट्यूब मराठीतून वापरता येते. ते तसे करून दिले. बोलून शोधण्याची सोय त्यांना फार आवडली, पण दुपारी कवळी काढून ठेवल्यावर टीव्हीला त्यांचे बोलणे कळत नाही, हा शोध आम्हाला आठवड्याने लागला.

आता त्या फिरणाऱ्या चक्राविषयी. चित्र मध्येच थांबते आणि पडद्यावर एक वर्तुळ गरगरत राहते, हे प्रत्येक घरी होते. आपण वैतागतो. सासूबाई मात्र दचकून रिमोट खाली ठेवत आणि म्हणत, ‘‘मी काही दाबलं नाही हं.’’ वयस्कर माणसाला यंत्राचा प्रत्येक बिघाड स्वतःची चूक वाटतो, म्हणून हे चक्र बंद करणे मला केवळ सोयीचे काम वाटले नाही. त्यामागील कारण साधे असते. इंटरनेटवरून चित्र तुकड्यातुकड्यांनी येते. पुढचे काही तुकडे आधी साठवून टीव्ही ते दाखवत असतो. साठा संपला आणि नवा तुकडा आला नाही की चक्र फिरते. चांगल्या स्पष्ट चित्राला साधारण ५ एमबीपीएस वेग पुरतो, अतिस्पष्ट म्हणजे ‘फोर-के’ चित्राला १५ किंवा त्याहून अधिक लागतो. घरगुती फायबरची साधी जोडणीही सहसा ३० ते ५० एमबीपीएसची असते. म्हणजे पुष्कळदा पाणी टाकीत असते, नळापर्यंत पोहोचत नाही.

आमच्याकडे राउटर दाराजवळ, लोखंडी कपाटाच्या मागे होता. दिसायला बरा दिसत नाही म्हणून मीच तो तेथे ठेवला होता. वायफायच्या लहरी धातूला आणि जाड भिंतीला अडतात. राउटर बहुधा दोन नावांनी वायफाय देतो : २.४ गिगाहर्ट्झची लहर लांब पोहोचते पण तिच्यावर शेजाऱ्यापाजाऱ्यांचीही गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झची वेगवान असते पण भिंतींपलीकडे दुबळी होते. टीव्ही त्याच खोलीत असेल तर दुसरी वापरावी, दोन भिंती मध्ये असतील तर पहिली. सर्वांत उत्तम म्हणजे राउटरपासून टीव्हीपर्यंत सरळ वायर ओढावी. मात्र ती भिंतीच्या कडेने पक्की बसवावी. जमिनीवर मोकळी पडलेली वायर हे पडण्याचे निमंत्रण आहे, आणि खुब्याचे हाड मोडण्यापेक्षा चक्र फिरलेले बरे. आम्ही राउटर कपाटावर ठेवला, चित्राचा दर्जा ‘फोर-के’वरून खाली आणला (सासूबाईंच्या डोळ्यांना दोन्हींत फरक दिसत नाही, मलाही दिसत नाही), आणि टीव्ही महिन्यातून एकदा प्लगपासून काढून मिनिटभराने पुन्हा लावण्याची सवय ठेवली. चक्र गेले नाही, पण विरळ झाले.

आवाजाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. ‘‘ऐकू येतं, पण काय म्हणतात ते समजत नाही,’’ ही तक्रार वृद्धांच्या तोंडी सर्रास असते आणि घरचे तिला हट्ट समजतात. ती अक्षरशः खरी असते. वयाबरोबर येणाऱ्या बहिरेपणात प्रथम उंच पट्टीचे ध्वनी जातात. स्वर खालच्या पट्टीचे आणि जोरकस, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, ठ यांसारखी व्यंजने पुसट होतात. ‘सात’, ‘पाठ’, ‘हात’ सारखेच वाटू लागतात. अशा वेळी आवाज वाढवला तर स्वर आणि पार्श्वसंगीत तेवढे मोठे होते, व्यंजने तेथेच राहतात. त्यात नव्या पातळ टीव्हींचे स्पीकर पाठीमागे किंवा खाली तोंड करून बसवलेले. आवाज भिंतीवर आपटून आपल्याकडे येतो. आणखी एक कारण आम्हाला योगायोगाने सापडले. इंटरनेटवरील पुष्कळ चित्रपटांचा आवाज पाच-सहा स्पीकरांच्या रचनेसाठी केलेला असतो आणि तीत संवादांना स्वतंत्र मधला स्पीकर असतो. घरी दोनच स्पीकर असताना तीच रचना निवडलेली राहिली, तर गाणी गडगडतात आणि संवाद कुजबुजतात. आवाजाच्या पर्यायांत ‘५.१’ असे दिसले तर त्याऐवजी ‘स्टिरिओ’ निवडून पाहावे. संवाद ठळक करणारा पर्यायही बहुतेक टीव्हींत असतो; त्याचे नाव प्रत्येक कंपनीत निराळे.

एवढे करूनही ऐकण्याची तपासणी टाळू नये. स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणाऱ्या, पण ज्यांवर काही करता येते अशा १४ गोष्टी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०२४ साली नोंदवल्या आहेत. श्रवणदोष त्यांतील एक आहे, उपचार न केलेला दृष्टिदोषही त्यांत आहे. श्रवणयंत्र ब्लूटूथचे असेल तर टीव्हीचा आवाज थेट यंत्रात घेता येतो. कधी त्यासाठी एक छोटा जोड लागतो, तो तंत्रज्ञाकडून बसवून घ्यावा. सासूबाईंनी श्रवणयंत्राला अद्याप होकार दिलेला नाही. तोवर आम्ही पडद्यावरील अक्षरांचा आधार घेतो. दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये गाण्याच्या ओळी खाली येत, त्या साक्षरतेसाठी होत्या, येथे त्या कानांसाठी. अक्षरे मोठी आणि काळ्या पट्टीवर पांढरी करता येतात. मराठी मालिकांना मराठी अक्षरे मात्र क्वचितच मिळतात. या क्षेत्रातील मराठी निर्मात्यांपैकी कोणी हा अंक वाचत असेल, तर हे त्यांनी मनावर घ्यावे.

मानेविषयी एक लहानशी नोंद. टीव्ही उंच बसवला आणि पाहणारा आरामखुर्चीत रेलला की मान मागे जाते. मग दूरचे आणि जवळचे एकाच काचेत असलेल्या चश्म्यातून पडदा खालच्या, म्हणजे वाचण्याच्या भागातून दिसतो आणि धूसर दिसतो. डोळे अधू झाले असे वाटते. टीव्ही वीतभर खाली घेतला की पुष्कळदा भागते.

मार्चमध्ये रोग उलटला. लाल टिकली आणि हिरवी टिकली यांवर सासूबाईंचा हात असा बसला, की एका रात्री एक वाजता मला दिवाणखान्यातून रडण्याचा आवाज आला. धावत गेले. रडत होती ती नायिका. सासूबाई सातवा भाग पाहत होत्या. ‘‘संपतच नाही गं, पुढचा आपोआप सुरू होतो. आता मध्येच कसं उठायचं?’’

हे ‘आपोआप’ वृद्धांच्या प्रकृतीच्या दृष्टीने समजून घेण्यासारखे आहे. केबलवर दर काही मिनिटांनी जाहिराती येत. त्यांना आपण नावे ठेवली, पण त्या वेळात माणूस उठे, पाणी पिई, लघवीला जाऊन येई, पाय मोकळे होत. आता भाग संपताच काही सेकंदांत पुढचा सुरू होतो आणि उठण्याचे निमित्तच उरत नाही. सासूबाई लघवी रोखून बसत, आणि मग घाईघाईने, अंधारात, उजळ पडद्यावरून एकदम काळोखात आलेल्या डोळ्यांनी न्हाणीघराकडे जात. बराच वेळ बसून एकदम उठल्यावर रक्तदाब उतरून भोवळ येण्याचा धोकाही याच क्षणी असतो. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांना तो अधिक. त्यांच्या घोट्यांवर सूज दिसू लागली होती. जपानमध्ये ८६ हजारांहून अधिक लोकांच्या दीर्घ पाहणीवरील एक निबंध २०१६ साली प्रसिद्ध झाला. रोज पाच तास किंवा अधिक टीव्ही पाहणाऱ्यांत, अडीच तासांहून कमी पाहणाऱ्यांच्या तुलनेत, फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकून होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. अशा मृत्यूंची एकूण संख्या फार थोडी होती, म्हणून घाबरून जाऊ नये. पण पायांच्या पोटऱ्या हलत्या ठेवाव्यात, एवढे त्यातून घ्यावे.

पुढचा भाग आपोआप सुरू होणे बहुतेक सेवांमध्ये बंद करता येते. कधी तो पर्याय टीव्हीवर न सापडता मोबाइलवर किंवा संकेतस्थळावर सापडतो. आम्ही ते केले. टीव्हीत ठरावीक वेळेने बंद होण्याची सोय असते. ती रात्री साडेदहाची लावली. त्यावर दोन दिवस अबोला झाला, आणि तो योग्यच होता, कारण मी त्यांना न विचारता ती लावली होती. तिसऱ्या दिवशी बोलणी होऊन अकरा ठरले. दिवाणखाना ते न्हाणीघर या वाटेवर रात्रभर जळणारा छोटा दिवा बसवला. भाग संपला की उठून खिडकीपर्यंत जायचे आणि कुंडीतील तुळशीकडे पाहून परत यायचे, असे ठरले. कधी पाळतात, कधी नाही.

स्मृतिभ्रंशाचा रुग्ण घरात असेल तर गोष्ट आणखी निराळी होते. माझ्या मैत्रिणीचे यजमान संध्याकाळी अचानक कपडे बदलून सदरा घालून बसू लागले. विचारल्यावर म्हणाले, ‘‘पाहुणे आलेत ना.’’ पाहुणे म्हणजे बातम्या देणारी बाई. पडद्यावरील माणसे खोलीतच आहेत असे वाटणे ही या आजारात डॉक्टरांच्या चांगल्या परिचयाची अवस्था आहे. तोवर ठीक होते. पण गुन्ह्यांची मालिका लागली आणि घरात मारेकरी शिरला या भीतीने ते जिन्यापर्यंत धावले. अशा वेळी ‘तो टीव्ही आहे’ असा वाद घालू नये. शांतपणे पडदा बंद करावा, दिवा लावावा, हात धरून दुसऱ्या खोलीत न्यावे. दिवेलागणीनंतर भांडणे, मारामाऱ्या, तावातावाच्या चर्चा लावू नयेत. त्या वेळी अशा रुग्णांची बेचैनी मुळातच वाढते. कोणी पाहत नसताना टीव्ही नुसता चालू ठेवण्याची सवयही सोडावी. मैत्रीण आता त्यांना एकच जुना विनोदी चित्रपट लावून देते. गेल्या सहा महिन्यांत तो किती वेळा झाला हे तिने मोजणे सोडले आहे. त्यांना तो दर वेळी नवा असतो आणि त्यातील गाणी मात्र दर वेळी ओळखीची. हवे तेव्हा थांबवता येणे आणि हवे तितक्या वेळा तेच पाहता येणे, ही इंटरनेटवरील टीव्हीची खरी देणगी या घरात मला दिसली.

यूट्यूबविषयी मी कडक आहे. आपण एक अभंग ऐकतो, त्याच्या शेजारी दुसरा अभंग येतो, आणि चौथ्या-पाचव्या पायरीवर ‘मधुमेह मुळापासून’ घालवणारे कोणी गृहस्थ येतात. ते पांढरा डगला घालतात, मराठी गोड बोलतात आणि गोळ्या सोडायला सांगतात. सासूबाईंनी एकदा रक्तदाबाची गोळी चार दिवस घेतली नव्हती. ती डबीत तशीच सापडली म्हणून कळले. रागावून उपयोग झाला नसता. आता असे काही पाहिले की त्याचे नाव त्या चिठ्ठीवर लिहून ठेवतात आणि पुढच्या भेटीत चिठ्ठी डॉक्टरांपुढे जाते. डॉक्टर बिचारे प्रत्येकाचे उत्तर देतात. नको असलेली वाहिनी ‘पुन्हा सुचवू नका’ अशी खूण करून दूरही ठेवता येते; ते काम मी दर रविवारी करते.

पैशांचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो अनेकदा छापून येतो, तरीही माणसे फसतात. आमच्या इमारतीतील एका निवृत्त शिक्षकांचा टीव्ही अडला. त्यांनी इंटरनेटवर ग्राहकसेवेचा क्रमांक शोधला. जो पहिला दिसला तो भामट्यांचा होता. त्यांनी मोबाइलचा पडदा दुसऱ्याला दिसेल असे एक ॲप घ्यायला लावले, दहा रुपये भरायला सांगितले, आणि दोन महिन्यांचे निवृत्तिवेतन गेले. सरांनी मुलाला हे सांगायला नऊ दिवस लावले. अशा प्रसंगी १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर ताबडतोब, शक्य तर पहिल्या तासातच, कळवावे लागते. पैसे पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची आशा तेव्हाच असते. सर गणित शिकवत. तो क्रमांक त्यांना पाठ होता. क्रमांक फिरवायचा म्हणजे आपण फसलो हे उच्चारायचे, तेच त्यांना जमले नाही. आमच्या टीव्हीखालच्या पुठ्ठ्यावर आता पाचवी ओळ आहे : ‘टीव्ही बिघडला तर कोणालाही फोन नाही. सुनेला हाक.’ आणि वर्गणी आपोआप कापली जाण्याविषयी : रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरील अशा कपातीची सूचना किमान २४ तास आधी यावी लागते. ती कोणाच्या मोबाइलवर येते ते घरात एकदा पाहून ठेवावे. आमच्याकडे ती यजमानांच्या जुन्या क्रमांकावर जात होती.

हे सगळे करूनही एप्रिलमध्ये आम्ही केबल परत घेतली. मुलगा फोनवर हसला. हसू दे. सातच्या बातम्या सातलाच लागाव्यात, त्यासाठी काही निवडावे लागू नये, ही ८२ वर्षांच्या बाईची मागणी अवाजवी नाही. ज्यांना महिन्याचा खर्च नको त्यांना ‘डीडी फ्री डिश’ आहे. छत्री आणि पेटी एकदा घेतली की मासिक शुल्क नाही, आणि तीवर सह्याद्री वाहिनी दिसते. केबल परत आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून जेवण पुन्हा बातम्यांनंतर होऊ लागले आणि गोळी आपल्या जागी आली. दुपारची झोप तासावर आली आहे, रात्रीची अजून पुरती सुधारलेली नाही.

दुपारसाठी आम्ही एक जुनीच युक्ती परत आणली आहे. दूरदर्शनवर पूर्वी ‘साप्ताहिकी’ लागत असे. पुढच्या आठवड्यात काय काय आहे ते त्यात सांगत, आणि सासूबाई ते वहीत उतरवून घेत. आता दर रविवारी संध्याकाळी आम्ही दोघी लग्नपत्रिकेच्या कोऱ्या पाठीवर आमची साप्ताहिकी लिहितो : वार, वेळ आणि इंटरनेटवरचा एकच कार्यक्रम. ठरलेला कार्यक्रम मी सकाळीच शोधून पहिल्या ओळीत आणून ठेवते. पहिले काही आठवडे मी लिहीत होते, त्या सांगत होत्या. आता पेन त्यांच्याकडे असते. या आठवड्याचा कागद फ्रिजवर लावलेला आहे. मंगळवारी दुपारी कीर्तन. गुरुवारसमोर ‘टीव्ही बंद, खाली भजन’ असे आहे. शनिवारी चार वाजता नाटक, आणि त्याच्यापुढे कंसात माझे नाव. कोणते नाटक, ते अजून मला सांगितलेले नाही.